अकराव्या मजल्यावर ऑनिंग: ऊन, वारा, पाऊस यात काय टिकतं आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कासारवडवलीला अकराव्या मजल्यावर घर, हॉलला लागून उघडं टेरेस, तोंड पश्चिमेला. मार्च लागला की दुपारी दोननंतर तिथे पाय ठेववत नाही आणि हॉलची भिंतही तापते. चार मीटर रुंद आणि अडीच मीटर बाहेर येणारं मोटरचं ऑनिंग, म्हणजे भिंतीला लावलेलं, उघडता आणि गुंडाळता येणारं कापडी छत, तुम्ही बघून आलात. दुकानात सांगितलं की हे ‘ऑल वेदर’ आहे, बारा महिने चालेल. हे खरं का, आणि पावसाळ्यात त्याखाली खुर्च्या टाकून बसता येईल का, हे तुम्हाला हवंय.

मी ठाणे आणि नवी मुंबईत ऑनिंग बसवतो आणि दुसऱ्यांनी बसवलेली दुरुस्तही करतो. सरळ सांगायचं तर उन्हासाठी घ्या, पैसे वसूल होतील. रिमझिम पावसात चालेल. जोराच्या पावसात आणि वाऱ्यात ते बंदच असलं पाहिजे, आणि जून ते सप्टेंबर बहुतेक दिवस ते गुंडाळलेलं राहील. ‘ऑल वेदर’ हे कापडाच्या रंगाबद्दल आणि ॲल्युमिनियमच्या पावडर कोटिंगबद्दल खरं असू शकतं. उघड्या ऑनिंगबद्दल ते खरं नाही, मग ते कुठल्याही कंपनीचं असो.

तुम्ही कापड कुठलं घ्यावं, मोटर कुठली घ्यावी असंही विचारलंय. ते सांगतोच, पण त्याआधी दोन गोष्टी बघा: ते कशाला पकडलंय, आणि वारा सुटल्यावर किती लवकर आणि किती खात्रीने बंद होतं. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या दुरुस्त्या बहुतेक या दोनपैकी एका कारणाने येतात. कापड फाटलं म्हणून येणारे फोन त्या मानाने कमी.

वाऱ्यापासून सुरुवात करू. दुमडणाऱ्या हातांच्या ऑनिंगसाठी युरोपात ईएन १३५६१ नावाचं मानक आहे आणि चांगल्या मालाच्या कागदांवर त्याचा वर्ग लिहिलेला असतो. वर्ग १ म्हणजे ताशी २८ किमीपर्यंतचा वारा, वर्ग २ म्हणजे ३८ आणि वर्ग ३ म्हणजे ४९. सगळ्यात वरचा वर्गही पन्नाशीच्या आत संपतो. हा आकडा पूर्ण उघडलेल्या आणि नीट बसवलेल्या ऑनिंगचा आहे. त्याच्या पुढे गेलं की बंद करायचं, असंच बनवणाऱ्यानेही गृहीत धरलेलं असतं. दुकानात कोणी ‘वादळातही हलणार नाही’ म्हणालं तर कागदावरचा वर्ग दाखवायला सांगा.

आता तुमच्या मापाचा ढोबळ हिशोब. चार गुणिले अडीच म्हणजे दहा चौरस मीटर कापड. ताशी ३८ किमीचा वारा त्यावर दर चौरस मीटरला साधारण सात किलोचा दाब देतो, म्हणजे एकूण सत्तर किलोच्या आसपास. ऐकायला फार वाटत नाही. पण हा भार भिंतीपासून सरासरी सव्वा मीटर लांब लागतो आणि ब्रॅकेटच्या (ऑनिंगला भिंतीशी धरून ठेवणारा धातूचा आधार) वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर जेमतेम पंधरा सेंटीमीटर असतं. त्यामुळे वरच्या बोल्टांवर भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ मिळून साडेपाचशे किलोंच्या वर जाते, ऑनिंगचं स्वतःचं वजन वेगळंच. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७६ किमीचा एक झोत आला तर त्याच बोल्टांवर दोन टनांहून जास्त ओढ येईल.

ही खालच्या दिशेच्या दाबाची गोष्ट झाली. उंच मजल्यावर त्याहून त्रासदायक असतो तो खालून वर येणारा वारा. इमारतीवर आदळलेली हवा भिंतीला धरून वर चढते आणि कापडात शीडासारखी भरते. ऑनिंगचे दोन्ही हात फक्त स्प्रिंगच्या ताणावर बाहेर ढकललेले असतात, त्यांना वरून दाबून धरणारं काहीच नसतं. कापड वर उचललं जातं, ढिलं पडतं आणि पुढच्या क्षणी झटक्याने परत ताणलं जातं. असे झटके सुरू झाले की हाताच्या कोपराचा सांधा आणि त्यातली साखळी किंवा केबल आधी जाते, मग ब्रॅकेट हलायला लागतं. घोडबंदर रोडला एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे टॉवरांची रांग. दोन टॉवरांच्या फटीतून येणारा वारा हवामानाच्या अंदाजातल्या आकड्यापेक्षा बराच जोरात लागतो. तुमचं टेरेस अशा फटीसमोर आहे की समोर मोकळा डोंगर आहे, यावर बरंच अवलंबून आहे. एखाद्या वाऱ्याच्या संध्याकाळी तिथे उभं राहून बघा. वाळत घातलेले कपडे भिंतीकडे ढकलले जातात की वर उडतात, यावरूनही बरंच कळतं.

सगळ्यांना वाटतं की ऑनिंगला धोका जुलैत. माझ्या मते तो मे महिन्याच्या उत्तरार्धात असतो. जुलैत ते बहुतेक बंदच असतं. मेमध्ये दिवसभर उघडं असतं, घरची माणसं कामाला गेलेली असतात आणि पावसाआधीचं वादळ काही मिनिटांत येऊन ठेपतं. १३ मे २०२४ ची दुपार आठवा. धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. सकाळी कडक ऊन होतं. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला, पण त्याची सूचना आधी मिळाली होती. तासाभरात उठणाऱ्या वळवाच्या वादळाची अशी सूचना मिळत नाही. अकराव्या मजल्यावरून सुटलेली पुढची ॲल्युमिनियमची पट्टी खाली कोणाच्या डोक्यावर पडू शकते. म्हणून याबाबत मी कुणालाही सूट देत नाही. घराला कुलूप लावताना ऑनिंग बंद, रात्री झोपताना बंद.

यासाठी वाऱ्याचा सेन्सर घ्यायलाच हवा. पुढच्या पट्टीवर बसणारा बॅटरीचा सेन्सर पट्टी किती हादरते ते मोजतो, दुसरा प्रकार भिंतीवर फिरणाऱ्या वाट्यांचा. उंच मजल्यावर मी पट्टीवरचा पसंत करतो, कारण भिंतीलगत वारा कमी असला तरी कापडाखाली तो जास्त असू शकतो. मात्र सेन्सरच्या जिवावर ऑनिंग उघडं टाकून जाऊ नका. झोत ओळखून पूर्ण गुंडाळायला अर्धा-पाऊण मिनिट जातं आणि पहिला झोतच सगळ्यात मोठा असला तर तेवढ्यात नुकसान होतं. शिवाय वादळ आलं की वीज जाते. म्हणून मोटर अशी घ्या जिला हँडल लावून हाताने फिरवता येतं, आणि ते हँडल कपाटात खाली न ठेवता टेरेसच्या दाराजवळ टांगा. घरात इन्व्हर्टर असेल तर मोटरची लाइन त्यावर घ्या. सेन्सरची बॅटरी दरवर्षी एप्रिलमध्ये बदला. बऱ्याच घरांत ती कधीच संपलेली असते आणि कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

आता भिंत. तुमच्या घराची भिंत कशाची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच. नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी मायवान पद्धतीने सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात, तिथे काळजी कमी. पण आरसीसीची फ्रेम आणि मधे एएसी (सच्छिद्र सिमेंटचे) ब्लॉक असतील तर ब्लॉकमध्ये साधा फास्टनर ठोकून ऑनिंग टांगू नये. तो ब्लॉक हलका आणि ठिसूळ असतो. फास्टनर आवळताना घट्ट वाटतो, पण वाऱ्याच्या प्रत्येक धक्क्याने भोकाच्या आतली कड चुरत जाते. अशा ऑनिंगखाली उभं राहून वर बघितलं की ब्रॅकेटच्या वरच्या कडेला रंगात अर्धगोल भेग दिसते आणि खालच्या बोल्टच्या वॉशरवर पिठासारखी पांढरी पूड साचलेली असते. बोटाने पुसली तरी पुढच्या आठवड्यात परत येते. तुमच्या ओळखीत कोणाकडे असं दिसलं तर त्यांना ऑनिंग आजच बंद करायला सांगा.

बहुतेक फ्लॅटमध्ये टेरेसच्या दारावर काँक्रीटचा बीम असतो. ब्रॅकेट त्या बीममध्ये केमिकल अँकरने, म्हणजे भोकात चिकटणारं केमिकल भरून पक्क्या केलेल्या बोल्टने, बसवायचे. भोक मारल्यावर आतली धूळ ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढायची, मग केमिकल भरायचं, आणि ते सुकायचा डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा. घाईत लोक धूळ तशीच ठेवतात. मग केमिकल काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं. बीम नसेल किंवा नको त्या उंचीवर असेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी प्लेट हा मार्ग आहे, पण त्यासाठी हॉलच्या भिंतीचं सौंदर्य थोडं सोडावं लागतं. प्लास्टरची जाडीही धरा. दीड-दोन इंच प्लास्टर असेल तर तेवढी बोल्टची लांबी फुकट जाते.

पाऊस. इथे लोक कापड वॉटरप्रूफ आहे का एवढंच विचारतात, पण आधी उतार बघायला हवा. पावसाचं पाणी वाहून जायला कापडाला किमान १४ अंशांचा उतार लागतो, म्हणजे दर मीटरला २५ सेंटीमीटर. अडीच मीटरला पुढची कड सव्वासहाशे मिलिमीटर, साधारण दोन फूट खाली यायला हवी. मागची बाजू २.७ मीटरवर बसली तर पुढची कड २.१ मीटरच्याही किंचित खाली येते. उंच माणसाने हात वर केला तर लागते. म्हणून फिटिंगवाले उतार कमी करतात, उन्हाळाभर सगळं छान दिसतं, आणि पहिल्या पावसात पुढच्या पट्टीच्या मागे कापडाचं पोट सुटतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरवर नुसत्या दहा मिलिमीटर पावसाचं पाणी अडलं तरी शंभर किलो. कापड एकदा ताणलं की ते पोट परत जात नाही, पुढच्या वेळी पाणी तिथेच साचतं.

उतार बरोबर असला तरी मर्यादा आहेच. त्याच युरोपीय मानकात पाण्याचा वरचा वर्ग तासाला ५६ लिटर दर चौरस मीटर, म्हणजे तासाला ५६ मिमी पाऊस धरून आहे. आपल्याकडे भर पावसाळ्यात याहून जोराचे तास येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला, तो तर अपवाद होता, पण नेहमीच्या जुलैतही असा एखादा तास चुकत नाही. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोसमी वारा नैऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, म्हणजे पाऊस तुमच्या टेरेसवर तिरका, समोरून आत येणार. वर कापड असलं तरी खुर्चीवर बसलेला माणूस कमरेपर्यंत भिजेल. पूर्वेकडच्या टेरेसवाल्यांना मी पावसाळ्यातल्या वापराबद्दल थोडी आशा दाखवतो. तुम्हाला दाखवणार नाही. पावसात बसायचंच असेल तर ऑनिंगचा विचार बाजूला ठेवून सोसायटीच्या परवानगीने दारावर लहानशी पक्की पॉलिकार्बोनेटची शेड करा.

ओलं कापड गुंडाळण्याबद्दल. सर आली, घाईने बंद केलं, यात काही बिघडत नाही. ते तसंच ओलं आठवडाभर राहिलं तर बिघडतं. आपल्या दमट हवेत एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. ॲक्रिलिकचा धागा बुरशी स्वतः खात नाही, पण त्यावर बसलेली धूळ, झाडांचा चीक, कबुतरांची घाण तिला पुरते. उघडल्यावर जिथे कापडाचे वेटोळे एकमेकांना चिकटले होते तिथे बारीक काळे ठिपके ओळीने दिसतात, शिवणीच्या बाजूला जास्त. ते पूर्ण निघत नाहीत. म्हणून उघडीप मिळाली की ऑनिंग दोन तास उघडून सुकवायचं, त्या दोन तासांत घरी कोणीतरी हवं.

कापडाची निवड यावरूनच ठरते. धागा बनतानाच रंग मिसळलेलं ॲक्रिलिक, दर चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम वजनाचं, हे उन्हासाठी सगळ्यात चांगलं. रंग धाग्याच्या आतपर्यंत असल्याने लवकर उडत नाही, आणि कापड श्वास घेतं, त्यामुळे खालची गरम हवा थोडी निसटते. त्यावर पाणी घसरवणारा थर असतो, तो काही वर्षांनी कमी होतो आणि फवारून परत देता येतो. पीव्हीसीचा थर दिलेलं कापड पाणी अजिबात सोडत नाही, पण जड असतं, खाली उष्णता कोंडते आणि ओलं गुंडाळलं तर आतलं पाणी सुकायला वाटच नसते. पावसासाठी म्हणून पीव्हीसी घेणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या टेरेसवर तो पाऊस समोरूनच येणार आहे, मग उन्हाळ्याचे चार महिने घुसमट कशाला सहन करायची?

उन्हाचा हिशोब मात्र तुमच्या बाजूने आहे, एक गोष्ट सोडून. मेच्या मध्याला ठाण्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. तिथून तो दर तासाला साधारण चौदा अंशांनी पश्चिमेला उतरतो. अडीच मीटरचं ऑनिंग आणि पुढची कड २.१ मीटरवर असेल तर सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांवर येईपर्यंत दाराच्या उंबऱ्यापर्यंत सावली राहते. मेमध्ये ही वेळ दुपारी चारच्या सुमाराची. चारनंतर ऊन पुढच्या कडेखालून आत शिरतं आणि येऊरच्या डोंगरामागे सूर्य जाईपर्यंत हॉल तापतो. पश्चिमेकडच्या बऱ्याच ग्राहकांची तक्रार हीच असते की ‘ऑनिंग लावूनही संध्याकाळी गरमच’. त्याला उपाय पुढच्या पट्टीतून सरळ खाली येणारा जाळीदार पडदा. तो बाहेरच्या बाजूला असल्याने काचेपर्यंत ऊन पोचतच नाही. आतल्या पडद्याने हे होत नाही, कारण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. हा पडदाही वारा पकडतो, त्यामुळे वारा सुटला की आधी तो वर घ्यायचा. रंग गडद घेतला तर खाली डोळ्याला थंड वाटतं आणि अतिनील किरणं जास्त अडतात, फिका घेतला तर कापड कमी तापतं पण उजेड झिरपतो. तुमच्या हॉलला दुसरीकडून उजेड येत असेल तर मी मध्यम करडा किंवा गडद बेज सुचवीन.

खारी हवा आणि गंज. कासारवडवलीला खाडी जवळ आहे, वाशी-नेरूळच्या खाडीकाठाइतका त्रास नसला तरी आहे. ॲल्युमिनियमला फार काही होत नाही, स्टीलचे बोल्ट आणि हातातली केबल आधी गंजते. बाहेरचे बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस मागा. पावसाळ्यानंतर आणि एकदा फेब्रुवारीत हातांचे सांधे साध्या पाण्याने धुऊन पुसा. कापडाला मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. प्रेशर वॉशर लावला तर वरचा थर एका दिवसात जातो. धुळीपासून आणि कबुतरांपासून वाचायला पूर्ण कॅसेट चांगली, बंद झाल्यावर कापड आणि हात दोन्ही पेटीत जातात. फक्त तिच्या तळाची पाणी निघण्याची भोकं मे अखेरीस तारेने मोकळी करा.

तारखेचंही सांगतो. मुंबईत पावसाची नेहमीची तारीख ११ जून धरतात, पण २०२५ ला तो २६ मेलाच आला आणि ज्यांनी जूनच्या पहिल्या रविवारी आवरू असं ठरवलं होतं त्यांची कापडं भिजली. वीस मेच्या आत एका कोरड्या दिवशी धुऊन, सुकवून ठेवा. त्यानंतर रोज हवा बघून उघडा.

तुमच्या जागी मी काय घेतलं असतं? अडीचऐवजी दोन मीटर बाहेर येणारं. रुंदी तीच. वाऱ्याची भिंतीवरची ओढ लांबीच्या वर्गाने वाढते, म्हणून अर्धा मीटर कमी केलं की ती एक तृतीयांशाहून जास्त उतरते. उतारासाठी पुढची कड ५० सेंटीमीटरच खाली येते, डोकं लागत नाही. सावली थोडी लवकर संपेल, पण चारनंतर पडदा लागणारच आहे, तो साडेतीनला पाडायचा. वाचलेले पैसे सेन्सर, हँडलची मोटर आणि केमिकल अँकरवर घाला. आणि ऑर्डर देण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. बाहेरून दिसणारं काहीही असलं की नंतर वाद होतात, आणि बसवलेलं काढायचं म्हणजे बीममधली भोकं तशीच राहतात.

आता एवढं करा: टेरेसच्या दाराच्या वरच्या भागावर हातोडीने हळू ठोकत वर जा. आवाज पोकळ येतो तिथे ब्लॉक, भरीव येतो तिथे बीम. बीमची खालची कड जमिनीपासून किती उंच आणि बीम किती खोल आहे ते टेपने मोजा, टेरेसवरून बाहेर दिसणाऱ्या दिशेचा एक फोटो काढा आणि दोन्ही इथे टाका. ब्रॅकेट दोन लागतील की तीन, आणि कुठे, ते त्यावरून सांगता येईल.